वास्तुरचनेचा समाजाशी खरंच काही संबंध असतो का, की ती पैसेवाल्यांची हौस?

संबंध असतो, पण इमारतीच्या दर्शनी बाजूत शोधलात तर सापडणार नाही. दोन घरांच्या मध्ये जागा कशी सोडलीय ते बघा.

मी नवी मुंबईकर, म्हणून आमच्याकडचंच उदाहरण देतो: सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) १९८०च्या दशकात आखलेली वसाहत. सुमारे ६ हेक्टर जागा, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं, आणि टॉवर एकही नाही. सात घरं एका अंगणाभोवती, अंगण साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. असे तीन गट मिळून एकवीस घरांचं आणखी एक मोठं अंगण. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या प्लॉटमध्ये दुपटीचाही फरक नाही!

मला सगळ्यात हुशारीची वाटते ती भिंतीची गोष्ट. शेजारच्या घराशी सामाईक भिंतच ठेवली नाही. चार पैसे साठले की खोली वाढवा, मजला चढवा, शेजाऱ्याच्या घराला धक्का लागत नाही. मूळ बांधकामही विटा, लाकूड, कौलं असं, साध्या गवंड्याला जमेल इतपत.

आज तिथे मूळची कौलारू घरं हुडकावी लागतात. जिकडेतिकडे आरसीसीचे बंगले, ग्रिल, चकचकीत टाइल्स. आर्किटेक्चरचे विद्यार्थी ते बघून हळहळतात. मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. घरं वाढणार हे धरूनच आखणी केली होती. घरं बदलली, तरी अंगणं बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत. (त्यात आता गाड्या लागतात, ते सोडा.)

खटकतं ते दुसरंच. कमी-जास्त कमाईच्या लोकांनी एकमेकांच्या शेजारी राहावं, हा मूळ हेतू होता. पुढे जागेचे भाव चढले, हातावर पोट असलेल्यांनी घरं विकली आणि मध्यमवर्ग आला. विकणाऱ्यांना तरी दोष कसा देणार? घर कोणाला, किती वर्षांनी, कोणत्या भावाने विकता येईल, या अटी नकाशात घालता येत नाहीत. त्या वाटपाच्या करारात घालाव्या लागतात आणि तो करार आर्किटेक्ट लिहीत नाही.