व्याख्यानमालेवर वर्गणी का खर्चावी?

प्रश्न : आमच्या वाघोलीतील काही गृहसंकुलांनी मिळून इतिहास, साहित्य आणि संगीत या विषयांवर दरमहा एक खुला कार्यक्रम करावा, असे घाटत आहे. परंतु काही सभासद म्हणतात की, हे सारे यूट्यूबवर फुकट मिळते, येऊन येऊन चाळीस माणसे येणार, मग वर्गणीतले पैसे त्यावर का खर्चावेत? त्यांना काय सांगावे?
— एक वाचक, वाघोली

उत्तर : आपल्या सभासदांचा आक्षेप रास्त आहे, आणि ‘संस्कृती जपली पाहिजे’ एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होणार नाही.

वाघोली २०२१ साली अन्य २२ गावांसह पुणे महापालिकेत आली. गावातली जुनी घरे आणि नवी संकुले शेजारी असली, तरी तिथल्या माणसांची गाठ पडते ती बहुधा टँकर, रस्ता किंवा पार्किंग यांवरून वाद झाला तरच. ज्यांच्याशी आपला परिचय केवळ तक्रारीच्या निमित्ताने होतो, त्यांच्याविषयी विश्वास वाटणे कठीण असते. म्हणून ज्यात कोणाचेच काही हिरावले जात नाही अशा विषयावर एकत्र बसण्याची, मतभेद झाला तरी पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच मंडळींत येऊन बसण्याची काहीतरी सोय असावी लागते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा श्रोत्यांच्या हाती राजकीय सत्ता नव्हती. तरीही चारचौघांत विचार मांडण्याचा आणि न पटणारे शेवटपर्यंत ऐकून घेण्याचा सराव या शहराला त्या व्यासपीठावर मिळाला, हे मला त्या मालेचे सर्वांत मोठे काम वाटते.

यूट्यूबवर उत्तम व्याख्याने आहेत, हे खरेच आहे. मात्र तिथल्या वक्त्याला समोरच्याचा प्रश्न ऐकून आपले विधान सुधारावे लागत नाही आणि आपल्यालाही शेजाऱ्याचा प्रश्न कळत नाही. त्यामुळे कार्यक्रमाचा निदान अर्धा तास प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवावा. तो वक्त्याच्या लांबलेल्या भाषणात जाऊ देऊ नये. असे झाले, तर चाळीस ही संख्या लहान नाही, उलट सोयीची आहे.

जागेचा विचार मात्र अधिक काळजीने करावा, असे मी आग्रहाने सुचवेन. संकुलाच्या क्लबहाउसमध्ये कार्यक्रम ठेवला, तर फाटकावरच्या वहीत नाव लिहून आत यायला गावातला शेतकरी किंवा दुकानदार सहसा धजणार नाही, आणि ‘खुला’ कार्यक्रम केवळ पत्रिकेपुरता खुला राहील. गावातल्या शाळेचे सभागृह किंवा देवळाचा सभामंडप मिळवावा. मोकळ्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आहे. तेव्हा संध्याकाळी साडेसहाला आरंभ करणे बरे.

पहिल्याच वर्षी नामवंत वक्त्यामागे धावू नये. पेशवाईतील सरदार पिलाजीराव जाधवराव यांची समाधी वाघोलीत आहे, वाघेश्वराचे देऊळ आहे. त्यांच्यापासून सुरुवात करता येईल. जुन्या घराण्यांतून मोडी कागद असल्यास ते वाचून दाखवण्यासाठी जाणकार बोलवावा. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे विचारणा केल्यास अशा जाणकारांची माहिती मिळू शकेल. स्वतःच्या आजोबांच्या सहीचा कागद सर्वांसमोर वाचला जात असताना गावकरी निव्वळ श्रोते राहत नाहीत. ते माहिती पुरवतात, दुरुस्त्याही सुचवतात.

संगीताच्या कार्यक्रमाला खर्च अधिक येतो, म्हणून तो वर्षातून एकदाच ठेवावा. बाकीच्या महिन्यांत प्रवासखर्च, यथाशक्ती मानधन, चहा आणि ध्वनिक्षेपकाचे भाडे एवढाच खर्च धरावा आणि त्याचा हिशेब दर तिमाहीला संकुलाच्या फलकावर लावावा. आक्षेप घेणाऱ्या सभासदांपैकी एकाला, त्यांची संमती असल्यास, खजिनदार करावे.