93 ची मारुती, आर-12 चा एसी

प्रश्न : माझ्याकडे 1993 ची मारुती 800 आहे, एसीवाली, वडिलांनी घेतलेली त्यामुळे विकायचा प्रश्नच नाही. दर एप्रिलला गॅस भरतो आणि जूनपर्यंत हवा परत गरम. आता मेकॅनिक म्हणतो जुना गॅस मिळत नाही, 134 भरून देतो, अर्ध्या तासात काम, बाकी काही बदलायला नको. भरून घेऊ का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : अर्ध्या तासात होत असेल तर नकोच. अकोल्याचा मे महिना म्हणजे काय ते माहितीये, तुमची घाई समजते, पण एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो, तोच तोच गॅस पाइपातून गोल गोल फिरत असतो, म्हणजे दोन महिन्यांत कमी झाला तर कुठूनतरी गळतोय. दरवर्षी भरून देणाऱ्याने एकदाही लीक शोधला नाही का?

शोधणं अवघड नाही. गॅसबरोबर कंप्रेसरचं (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाचं) तेलही फिरतं, त्यामुळे गळतं तिथे तेलकट धूळ चिकटून काळा डाग पडतो. बॉनेट उघडून जॉइंट, कंडेन्सरचा (गाडीच्या तोंडाशी असलेल्या, गॅस गार करणाऱ्या जाळीचा) खालचा भाग आणि कंप्रेसरच्या क्लचमागे टॉर्च मारून बघा. तिथलं शाफ्ट सील जुन्या गाड्यांत हमखास जातं, कारण आपण पूर्ण हिवाळा एसी लावत नाही आणि सील कोरडं पडतं. डाग दिसला नाही तर सिस्टिममध्ये नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे आले की चोर सापडला.

आता गॅसचं. तुमच्या गाडीत मुळात आर-12 हा जुना गॅस. त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारात तो कमी करायचं आणि पुढे पूर्ण बंद करायचं ठरलं, भारत 1992 मध्ये करारात आला आणि 2010 पर्यंत आपल्याकडे तो बनणं थांबलं. म्हणजे मेकॅनिक त्या बाबतीत खरं बोलतोय. पण आर-12 सोबत जे मिनरल ऑइल चालायचं ते आर-134ए मध्ये, म्हणजे मेकॅनिकच्या 134 मध्ये, विरघळतच नाही, गॅस पुढे निघून जातो, तेल मागे कॉइलमध्ये पडून राहतं आणि कंप्रेसर कोरडा फिरून फिरून एक दिवस जाम होतो. नुसता गॅस बदलून भागत नाही ते यामुळे.

नीट करायचं तर जुना गॅस मशीनने काढून घ्यायचा (हवेत सोडायचा नाही प्लीज), कंप्रेसर उतरवून जुनं तेल ओतून टाकायचं, सिस्टिम फ्लश करायची (आतून धुवायची) आणि आर-134ए बरोबर चालणारं एस्टर ऑइल टाकायचं. पॅग ऑइलही चालतं पण ते हवेतला ओलावा पटकन ओढतं आणि जुन्या तेलाच्या अंशांशी त्याचं फारसं पटत नाही, म्हणून जुन्या गाडीला मी एस्टरच सांगतो. ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) बदलायचाच, आतले जुने दाणे नव्या गॅसला चालत नाहीत. उघडलेल्या प्रत्येक जॉइंटला नवी ओ-रिंग (रबरी कडी). मग किमान अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढायची, पंप बंद केल्यावर गेजचा (प्रेशर मोजायच्या मीटरचा) काटा जागेवर राहतोय का ते स्वतः उभं राहून बघा. गॅस वजनकाट्यावर मोजून, स्टिकरवर आर-12 चा जो आकडा असेल त्याच्या 80 ते 85 टक्के, म्हणजे 600 ग्रॅम लिहिलं असेल तर 500 च्या आसपास. शेवटी गॅस भरायच्या तोंडांना नवे सर्व्हिस अडॅप्टर आणि "आर-134ए" असं स्टिकर, नाहीतर पुढचा माणूस काय वाटेल ते भरेल.

हे मी अनुभवावरून सांगतोय. माझ्या प्रीमियर 118 एनई गाडीमध्ये एका महाशयांनी घरच्या एसीचा आर-22 भरला होता, दोन दिवस बर्फासारखी हवा, मी खूश, तिसऱ्या दिवशी सिग्नलला एसीचा होज (रबरी पाइप) फुटला, बॉनेटखालून पांढरा धूर आणि पानवाला बादली घेऊन धावत आला. नंतर कळलं की हे ओळखणं किती सोपं होतं. इंजिन बंद, गाडी गार, बाहेर 35 डिग्री असेल तर गेजचे दोन्ही काटे आर-134ए ला साधारण 115 पीएसआयला येऊन थांबतात, आर-22 असेल तर 180 ला. मात्र यावरून गॅस किती आहे ते कळत नाही, आत थोडा लिक्विड असला तरी काटा तेवढाच दाखवतो, म्हणून तर वजनकाटा.

कुलिंग आधीपेक्षा थोडं कमी वाटेल, प्रेशरही जास्त राहतं. जमलं तर सपाट नळ्यांचा पॅरलल फ्लो कंडेन्सर बसवून घ्या, तुमच्याकडच्या उन्हात फरक जाणवेल. कंप्रेसरच खडखडत असेल तर आधी तो, बाकी खर्च नंतर.

प्रश्न : गाडी 2004 ची. हायवेला एसी मस्त, सिग्नलला थांबलं की गरम. गॅस कमी झाला का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी कंडेन्सरचा फॅन बघा. एसी लावून पुढे जाऊन उभे राहा, फॅन फिरतोय का आणि जोरात फिरतोय का. हायवेला वाऱ्यानेच कंडेन्सर गार होतो, थांबल्यावर सगळं फॅनवर असतं. फॅन ठीक असेल तर जाळीत अडकलेली माती आणि किडे कमी प्रेशरच्या पाण्याने आतून बाहेरच्या दिशेने धुवा, प्रेशर गन जवळ धरलीत तर पत्रे वाकतील. एवढं करूनही गरमच असेल तर मग गेज लावायला न्या, आणि "थोडा टॉप-अप करू का" विचारलं की आधी गेजचे आकडे विचारा.