ग्रामपंचायत सदस्याची तक्रार चार महिन्यांपासून बीडीओकडे पडून आहे, आता काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की सदस्याने ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवर गोठा बांधला, नालीचं काम भावाच्या नावावर घेतलं आणि मासिक सभेत बायांना शिवीगाळ केली. तिन्ही गोष्टी एकाच अर्जात घालून तो तुम्ही गटविकास अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीडीओकडे दिला. अडलंय ते इथेच. निवडून आलेल्या सदस्याला घरी बसवायचा अधिकार बीडीओला नाही. तो फार तर विस्तार अधिकाऱ्याला गावात पाठवेल आणि अहवाल वर सरकवेल. 'आपले सरकार' पोर्टलवर टाकलं तरी फिरून तो कागद त्याच टेबलावर येतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 मध्ये यासाठी दोन वेगळे रस्ते आहेत. कलम 14 मधली अपात्रता असेल तर कलम 16 खाली निर्णय जिल्हाधिकारी देतात. गैरवर्तन, लाजिरवाणी वागणूक किंवा कर्तव्यात कसूर असेल तर कलम 39 खाली विभागीय आयुक्त. ई-क्लास म्हणता म्हणजे तुम्ही बहुधा वऱ्हाडातले, तेव्हा आयुक्त अमरावतीचे. भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्यांनी नागपूर समजावं. गोठा आणि नाली जिल्हाधिकाऱ्यांकडे, शिवीगाळ आयुक्तांकडे. अर्ज वेगळे करा.

सगळ्यात भक्कम मुद्दा गोठ्याचा आहे. कलम 14(1)(ज-3) प्रमाणे सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा सदस्य राहू शकत नाही. इथे हेतू, चारित्र्य असलं काही सिद्ध करावं लागत नाही. जागा सरकारची आणि ताबा त्याचा, एवढंच. पण हे 'एवढंच' कागदावर लागतं. त्या गटाचा सातबारा, तलाठ्याकडचा गाव नमुना 1-ई (अतिक्रमणाची नोंदवही) आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 (कर आकारणीची नोंदवही) काढा. नमुना 8 मध्ये मालकाच्या रकान्यात सरकार आणि भोगवटादाराच्या रकान्यात सदस्याचं नाव निघालं तर अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं भूमी अभिलेखच्या मोजणीत. मोजणी नसेल तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणतो, 'गोठा आमच्याच हद्दीत आहे,' आणि प्रकरण तिथेच रेंगाळतं. फोटो तारखेसह आत्ताच काढून ठेवा. नोटीस निघाल्याचा वास लागला की टिनपत्रे रातोरात उतरतात.

गोठा बापाच्या नावावर आहे, असा बचाव हमखास येतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या जनाबाई प्रकरणात हे स्पष्ट केलं की मूळ अतिक्रमण कुटुंबातल्या दुसऱ्याने केलं असलं तरी सदस्य त्याच जागेत राहून तिचा वापर करत असेल तर अपात्रता लागते. मात्र 2024 मध्ये त्याच न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाची अपात्रता रद्द केली. सासूसोबत सरकारी जागेवर राहते, असा तिच्यावर आरोप होता. आपण वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, असं तिचं म्हणणं होतं. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला, त्यातून गावखेड्यातल्या बाईला काढणं इतकं हलक्यात घेता येत नाही, असं न्यायालयाने सुनावलं. म्हणून नातं दाखवून भागत नाही. ती जागा सदस्य स्वतः वापरतो याचा पुरावा द्या. बैल कोणाचे, विजेचं मीटर कोणाच्या नावावर, हे बघा.

नालीचं काम दिसायला सोपं, सिद्ध करायला अवघड. पंचायतीच्या कामात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असावा लागतो. भाऊ ठेकेदार आहे, एवढ्याने तो सिद्ध होत नाही. सदस्याचा वाटा दाखवावा लागतो. माहिती अधिकारात कामाचा ठराव, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तक, देयक आणि रोकडवहीची (नमुना 5) संबंधित पानं मागा. अर्जाला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतीला पानामागे 2 रुपये, मुदत 30 दिवस. 'सर्व कागदपत्रे द्या' असं लिहू नका, कामाचं नाव आणि आर्थिक वर्ष टाका. वित्त आयोगाच्या पैशातलं काम असेल तर कोणाच्या खात्यात किती गेले ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्या दिसतं. पैसा भावाच्या खात्यातून सदस्याकडे आला, दोघांचं खातं एकत्र आहे किंवा ज्या सभेत काम दिलं तिथे हाच सूचक होता, असं काही सापडलं तरच हा मुद्दा घ्या. नाहीतर तो गोठ्याच्या चांगल्या प्रकरणालाही पाणचट करतो.

नालीचे पैसे काम न करताच उचलले असतील तर गोष्ट वेगळी. धनादेश किंवा डिजिटल सही सरपंच आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) यांची असते. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर, त्याच्यावरची तक्रार मात्र बीडीओकडे आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडेच जाते. तुमचा पडून असलेला अर्ज तेवढ्यापुरता कामाचा आहे.

कलम 39 मध्ये गफलत होते ती चौकशीत. आयुक्तांच्या आदेशाने मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने चौकशी करायची, पंचायतीला आणि सदस्याला रीतसर नोटीस द्यायची, म्हणणं ऐकायचं. बीडीओचा जुना प्राथमिक अहवालच चौकशी म्हणून पुढे पाठवला, तर पदावरून काढण्याचा आदेश अपिलात टिकत नाही. म्हणून चौकशी अधिकारी गावात आला की आधी विचारा, कोणाच्या आदेशाने आणि कोणत्या कलमाखाली. बयाण लेखी द्या, त्याची प्रत घ्या, कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका. शिवीगाळ ऐकणाऱ्या दोन-तीन बायांची बयाणं तारीख आणि सभेच्या विषयासह हवीत. 'नेहमीच शिव्या देतो' या वाक्याला वजन नाही. शिवी जातीवरून, अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला दिली असेल तर आयुक्तांची वाट न बघता अॅट्रॉसिटीखाली पोलिस ठाणं गाठा.

जिल्हाधिकाऱ्यांकडच्या अर्जात सदस्याला गैरअर्जदार (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) करा, पानांना क्रमांक टाका, मूळ प्रतीबरोबर प्रत्येक गैरअर्जदारासाठी एक संच द्या आणि आवक क्रमांकाची पोच घ्या. दोन्ही ठिकाणच्या निर्णयावर 15 दिवसांत अपील करता येतं. निकाल तुमच्या बाजूने लागला तर सदस्य नागपूर खंडपीठातही जाऊ शकतो, म्हणून निकालाची प्रत हातात पडताच तिथे कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा अर्ज) टाकायला वकिलाला सांगा. उशीर मात्र करू नका. पाच वर्षांची मुदत संपली की अर्ज निष्फळ ठरतो, आणि तारखा तोवर लांबवणं हाच समोरच्याचा बेत असतो.