दुपारी ११, मग पहाटे किती?

प्रश्न : आमच्या निसर्गमंडळाने इंदूरजवळच्या एका मोठ्या तलावाचं पाणी तपासायला घेतलं आहे. मे महिन्यात दुपारी तीनला काठाशी मीटर बुडवला, तर विरघळलेला प्राणवायू लिटरला ११ मिलिग्रॅम निघाला. पाणी हिरवट आहे. माशांना ४ पुरतो असं वाचलं होतं. मग हे पाणी उत्तम समजायचं का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नाही. या आकड्याने उलट काळजीच वाटते. पाणी ३० अंशांवर असेल, तर इंदूरच्या साधारण ५५० मीटर उंचीवर हवेतून त्यात जेमतेम ७ मिलिग्रॅम प्राणवायू मुरतो. वरचे ४ शेवाळाने उन्हात तयार केलेले. सूर्य मावळला की तेच शेवाळ प्राणवायू वापरू लागतं. जोडीला मासे आणि गाळातले जिवाणू असतातच. म्हणून दुपारी आकडा असा चढलेला असला, की पहाटे तो फार खाली गेलेला असण्याची भीती असते. त्यात दोन दिवस आभाळ भरलेलं राहिलं, तर शेवाळाची दिवसाची कमाईही बुडते आणि सकाळी मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून हपापताना दिसतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मासे आणि वन्यजीवांसाठीची किमान ४ मिलिग्रॅमची मर्यादा पहाटेच्या पाण्याला लावून बघा. सूर्योदयाआधी अर्धा तास जा. काठ सोडून नावेतून आत जा, आणि एक नोंद वरच्या पाण्याची, दुसरी तळापासून अर्धा मीटर वरची घ्या. तळाची कुणी घेत नाही, आणि खरं दुखणं तिथेच असतं. तळाशी प्राणवायू संपला की गाळात लोहाला बांधलेला फॉस्फेट सुटून पाण्यात येतो आणि शेवाळाला पुन्हा खाद्य मिळतं. नाल्याचं सांडपाणी अडवल्यावरही तलाव वर्षानुवर्षं हिरवा राहतो, तो यामुळे.

मीटरवर डोळे झाकून विसंबू नका. महिन्यातून एकदा विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायनं घालून प्राणवायू मोजून, पडताळा घ्या. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत नळी तळापर्यंत सोडून पाणी भरा आणि भरपूर वाहू द्या. एक बुडबुडा अडकला तरी आकडा फुगतो. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड ही दोन द्रावणं, प्रत्येकी २ मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून सोडा. बूच लावून बाटली उलटसुलट करा. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे. पांढराशुभ्र राहिला तर नाहीच. तळाच्या पाण्याचा पांढरा साका एकदा मुलांना दाखवा, पुढचं समजावावं लागत नाही. पुढचं आम्ल घालण्याचं आणि मोजण्याचं काम प्रयोगशाळेतच, शिक्षकांसमोर करा.

सोबत पाण्याची पारदर्शकता मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेक्की तबकडी दोरीने सोडा. नाहीशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती, यांची सरासरी घ्या. अर्ध्या मीटरच्या आतच दिसेनाशी झाली आणि पाणी मातीने गढूळ नसेल, तर शेवाळाचा अतिरेक झाला आहे. पावसाळ्यात मात्र या आकड्यावरून शेवाळाचा निष्कर्ष काढू नका.

इंदूरचे यशवंत सागर आणि सिरपूर हे दोन्ही तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले. यशवंत सागरचं पाणी तर शहर पितं. इथे पहाटेच्या नोंदींची वही सलग वर्षभर चालवली, तर ती फार मोलाची ठरेल.

प्रश्न : पाण्यावर हिरव्या रंगासारखी साय धरते. उकळून वापरलं तर चालेल का? गुरांचं काय?

उत्तर : उकळून चालणार नाही. ही साय बहुधा निळ्या-हिरव्या शेवाळाची असते. त्यातल्या काही जाती विष तयार करतात. ते उकळल्याने जात नाही, उलट पेशी फुटून पाण्यात उतरतं. पारदर्शक बरणीत पाणी भरून रात्रभर हलवू नका. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल, तर संशय पक्का धरा. खाली बसला म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही. वारा साय ज्या काठाला लोटतो, तिथे ती सर्वांत दाट होते. गुरं त्या काठाला नेऊच नका. साय असेपर्यंत त्यांना विहिरीचं किंवा नळाचं पाणी द्या.