सेव-उसळीची पैज आणि साठेखतातला सट्टा

प्रश्न वडोदऱ्याचा आहे, दांडिया बाजारातला. कसोटीच्या चौथ्या दिवशी दोन मित्रांत एक प्लेट सेव-उसळ लागली. एक म्हणाला, "भारत ही टेस्ट काढतो बघ." दुसरा म्हणाला, "नाही काढत." सामना अनिर्णित राहिला. आता प्लेट कोणी द्यायची? आणि या प्रकाराला सट्टा म्हणायचं, पैज म्हणायची, की गावात सगळे म्हणतात तसं "शरत मारली" म्हणायचं?

सट्टा म्हणायचं नाही, हे आधीच सांगतो. हल्ली कोणी कोणाशी चहावर बोलला तरी "सट्टा लावला" म्हणतात. निवडणुकीत कोणी मिशी उतरवायची पैज लावली तर बातमीत ती "सट्टा" होऊन येते. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ज्या गावात 1947 साली होळकर संघाविरुद्ध 577 धावांची भागी केली, त्या गावाने तरी क्रिकेटचे शब्द असे ढिलाईने वापरू नयेत.

"शरत मारली" हे गुजरातीच्या शेजाराने आलेलं आहे आणि वडोदऱ्याच्या मराठीत ते मुरलेलं आहे. खुशाल वापरा. मूळ अरबी 'शर्त', म्हणजे अट. या एका शब्दाला मराठीत तीन लेकरं झाली: अटीची 'शर्त', घोड्यांची 'शर्यत' आणि प्रयत्नांची 'शर्थ'. यातल्या 'शर्थ'मधला थ लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

पैज हा खरा जुना मराठी शब्द. संस्कृत 'प्रतिज्ञा', प्राकृतात 'पइण्णा' आणि 'पइज्जा', त्यातल्या दुसऱ्या वाटेने 'पैज'. 'आज्ञा' मात्र पहिल्या वाटेने गेली आणि 'आण' झाली, शपथ या अर्थाची. एकाच 'ज्ञ'ची एक मुलगी 'आण', दुसरी 'पैज', आणि दोघींचा स्वभाव सारखा: तोंडातून शब्द गेला की माणूस बांधला गेला. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मराठी बोल 'अमृतातेंही पैजां जिंके' म्हटलं आहे, तिथे पैशाचा संबंध नाही. शब्द दिला आहे आणि तो खरा करून दाखवायचा आहे. म्हणून पैजेला भाव नसतो. पैज समोरासमोरच्या दोघांत लागते आणि तिचा निकाल बोललेल्या शब्दांवर लागतो.

सट्ट्याला माणूस लागत नाही, भाव लागतो. कसोटीत हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं वीस षटकांच्या सामन्यात दिसत नाही, कारण भाव पाच दिवस हलत राहतो. बाजारात भाव जोडीने बोलतात, समजा "नव्वद-ब्याण्णव". पहिला आकडा लावायचा, दुसरा खायचा, म्हणजे दुसऱ्याने लावलेलं आपल्या अंगावर घ्यायचं. दोन्ही आकडे रुपयामागच्या पैशांचे. भारतावर 90 पैशांनी 1000 'लावले' म्हणजे भारत जिंकला तर 900 मिळणार, नाही जिंकला तर 1000 जाणार. दोन दिवसांनी भारत वरचढ झाला आणि भाव "तीस-बत्तीस"वर उतरला. आता त्याच माणसाने 32 पैशांनी 1000 'खाल्ले', तर भारत जिंकल्यास त्याचे 320 जाणार, न जिंकल्यास 1000 येणार. दोन्ही मिळून हिशेब करा: भारत जिंकला तर 580 नफा, नाहीतर शून्य. 1440 खाल्ले असते तर निकाल काहीही लागो, 440च्या आसपास सुटले असते. नवखे चुकतात ते इथे: 'न जिंकला' यात हरणं आणि अनिर्णित दोन्ही येतात, हे त्यांच्या ध्यानात नसतं. सामना अनिर्णित राहिला की पैसे परत मिळतील असं ते धरून चालतात. अनिर्णितचा भाव स्वतंत्र निघतो, भारतावर लावलेल्याला तो काही देत नाही. (हा धंदा गुजरातच्या जुगारबंदी कायद्याने गुन्हा आहे आणि 1872च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूलही होत नाही. इथे चर्चा शब्दाची आहे.)

या उदाहरणात त्या माणसाने काय केलं? घेतलेलं देऊन टाकलं. अदलाबदल केली. 'सट्टा' शब्दाचा जीव याच अदलाबदलीत आहे. प्राकृतात 'सट्ट' म्हणजे विनिमय, देवाणघेवाण. दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना म्हणून केल्या की आपण 'साटेलोटे' म्हणतो, गुजरातीत त्यालाच साटापद्धत म्हणतात. यातलं 'साटे' आणि बाजारातला 'सट्टा' एकच. आणि वडोदऱ्यात कोणी घर विकत घेतलं असेल त्याने हा शब्द सरकारी कागदावर पाहिलेला आहे: गुजरातीत 'साटाखत', मराठीत 'साठेखत'. किंमत ठरली, बयाणा दिला, खरेदीखत पुढे व्हायचं आहे, त्या मधल्या कराराचं हे नाव. आजच्या भावाने उद्याचा व्यवहार बांधून ठेवायचा. सट्टेवाला हेच करतो, फक्त त्याच्याकडे घर नसतं.

आता साटाखतातला ट आणि साठेखतातला ठ शेजारी ठेवून पाहा. तोच कागद, तोच अर्थ, पण मराठीने ट फुगवून ठ केला. शर्तची शर्थ केली तसाच. हे एकदा मान्य केलं की आपल्या भाषेतला दिवसातून शंभर वेळा येणारा एक प्रत्यय उलगडतो: 'साठी'. 'तुझ्यासाठी' म्हणजे मुळात 'तुझ्या बदल्यात'. जुन्या प्रतींवर बेतलेल्या तुकारामगाथेत 'याजसाटीं केला होता आटाहास' असं ट घेऊनच छापलेलं आहे. गुजरातीत तर 'साटे' आजही 'बदल्यात' याच अर्थाने जिवंत आहे. 'शिर साटे' म्हणजे डोकं देऊन, डोक्याच्या मोलाने. 'देशासाठी प्राण दिले' हे वाक्य गुजरातीच्या कानाने ऐका, मग त्यातला सौदा ऐकू येतो: प्राण दिले, देश घेतला.

'साठी' ही संस्कृत 'अर्थ'पासून ओढून आणणारे अभ्यासक आहेत. त्यांचा मुद्दा असा की 'अर्थ'चा प्राकृतात 'अट्ठ' होतो, म्हणजे ठ आयता मिळतो. ठ मिळतो हे खरं, पण जुना ट कुठून आणणार? अर्थ, अट्ठ, मग पुन्हा साटीं, मग पुन्हा साठी, एवढी कसरत एका प्रत्ययाने कशाला करावी? शिवाय आरंभीच्या 'स'साठी त्यांना 'सार्थ' कल्पावा लागतो. माझ्या मते शेजारच्या गुजरातीकडे पाठ करून फक्त संस्कृतकडे तोंड केलं की अशी व्युत्पत्ती सुचते. मराठीची निम्मी गुपितं गुजरातीत उघडी पडलेली आहेत आणि ती वाचायला वडोदऱ्याच्या मराठी माणसाइतकी सोयीची जागा दुसऱ्या कोणाची नाही.

'पण' राहिलाच. 'प्राण पणाला लावणे' यातला पण, उभयान्वयी 'पण' नव्हे. उभयान्वयी 'पण' 'पुनः'पासून आला. पण् धातूचा अर्थ सौदा करणं आणि डाव लावणं असा दोन्ही होतो, आणि दोन्ही अर्थांत त्याला षष्ठी चालते असं पाणिनीने सूत्रात बांधून ठेवलं आहे: 'शतस्य पणते'. म्हणून शेतमालाचं 'पणन मंडळ' आणि द्रौपदीला पणाला लावणारा धर्मराज एकाच धातूत बसतात.

1981च्या हेडिंग्ले कसोटीत इंग्लंडवर फॉलोऑन आला तेव्हा फलकावर त्यांच्या विजयाचा भाव एकास पाचशे होता. समोरच्या ऑस्ट्रेलिया संघातल्या लिलीने 10 पौंड आणि मार्शने 5 पौंड इंग्लंडवर लावले. इंग्लंड 18 धावांनी जिंकलं आणि दोघांचे मिळून 7500 पौंड आले. याला पैज म्हणता येत नाही, कारण समोर कोणी शब्द दिला नव्हता. भाव होता, पण एकदा लावून ते स्वस्थ बसले, अदलाबदल केली नाही. म्हणून माझ्या हिशेबाने तो पुरता सट्टाही नाही. 'डाव लावला' म्हणा, शब्द चपखल बसतो.

आणि सेव-उसळ. ती पैज होती, तेव्हा निकाल शब्दांवर. 'काढतो' म्हणजे जिंकतो. भारत जिंकला नाही, म्हणून पहिल्याने प्लेट द्यायची. दुसऱ्याने समोरचा संघ जिंकेल असं म्हटलं असतं तर दोघांचाही शब्द पडला असता आणि पैज फिटली असती. पहिला "भारत हरत नाही" म्हणाला असता तर प्लेट त्याची होती. जुलै 2025च्या मँचेस्टर कसोटीत भारत दुसऱ्या डावाच्या आरंभी 311 धावांनी मागे होता आणि शून्यावर दोन बाद झाला होता, तरी जडेजा आणि सुंदर यांनी शतकं ठोकून सामना अनिर्णित ठेवला. त्या दिवशी "हरत नाही" म्हणणारे जिंकले आणि "जिंकतो" म्हणणारे हरले. दोघांच्या वाक्यात फरक एका क्रियापदाचा. 'बरोबरी' हा शब्द मात्र पैजेत वापरू नका, कारण कोणी त्याने अनिर्णित समजतो आणि कोणी टाय, म्हणजे दोन्ही संघांच्या धावा सारख्या होऊन संपलेला सामना. टाय कसोटीत दोनदाच झाली आहे, 1960 साली ब्रिस्बेनला आणि 1986 साली चेन्नईला. तर्री किती घालायची तेही आधी बोलून घ्या.