लहान मुलांना वीज कशी चमकते हे सोप्या शब्दांत कसं सांगावं?

तुमच्या पाच वर्षांच्या मुलीने वीज कशी चमकते असं विचारलं आणि ‘ढगावर ढग आपटतो’ हे तुमचं उत्तर तिला पटलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते बरंच झालं. पण त्यातली आपटाआपटी तेवढी खरी आहे. आपटतात ते ढग नव्हेत, ढगाच्या पोटातले बर्फाचे कण.

माझ्या मुलाला मी सुरुवातीला ढगाचं काही सांगितलंच नाही. खोलीत अंधार केला आणि अंगातला सिंथेटिक स्वेटर डोक्यावरून झर्रकन काढला. चटचट आवाज, बारीक निळसर ठिणग्या. म्हटलं, ‘ही बघ पिल्लू वीज.’ मग तेच दहा वेळा करावं लागलं. (हवा कोरडी असतानाच करा. दमट हवेत ठिणगी उडत नाही आणि आपलं हसं होतं.)

नंतर ढगाची गोष्ट. उंच ढगात कडाक्याची थंडी. बर्फाचे हलके कण वाऱ्याबरोबर वर चाललेत, जड गारा खाली येतायत. येता-जाता ते एकमेकांवर घासतात, आदळतात आणि ढगात वीज साठत जाते. हवा तिला सहसा वाट देत नाही. फारच साठली की मात्र ती हवा फोडून निघते. सरळ नाही बरं का! थोडं पुढे, क्षणभर थांबायचं, पुन्हा वळून थोडं पुढे. हे मी दारापर्यंत वेडंवाकडं चालून दाखवलं. खऱ्या विजेची अशी एक ढांग साधारण ५० मीटरची असते. बऱ्याच विजा तर जमिनीवर येतच नाहीत, ढगातल्या ढगातच चमकतात. ‘ऋण प्रभार’ वगैरे शब्द टाळा. मी एकदा उच्चारला आणि पोरगं उठून खेळायला गेलं.

कडकडाट कसला? विजेच्या वाटेवरची हवा सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. तापून ती इतकी झटक्यात फुगते की धमाका होतो. उजेड लगेच पोचतो, आवाज मागून येतो, सेकंदाला ३४० मीटरच्या वेगाने. म्हणून चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर.

पण आकडा मोठा आला म्हणून बाहेर खेळायला सोडू नका. गडगडाट ऐकू आला की घरात यायचं आणि शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास थांबायचं.

आमचा मुलगा पूर्वी कान घट्ट दाबून बसायचा. आता सेकंद मोजायला बोटं लागतात, त्यामुळे कान मोकळेच असतात.