वाचकांचे प्रश्न : प्रजाती नेमकी कुठे हरते?

प्रश्न : डायनासोरही नाहीसे झालेच की. मग आजच्या ऱ्हासाचे खापर माणसावरच का?

उत्तर : प्रजाती आधीही संपत होत्या, वाद वेगाचा आहे. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाच्या २०१९च्या अहवालानुसार आजचा वेग गेल्या एक कोटी वर्षांच्या सरासरीच्या निदान दहापट ते शेकडो पट आहे. कारणांचा क्रमही त्यात दिला आहे : आधी जमीन-समुद्राच्या वापरातला बदल, मग थेट शिकार, तोड व मासेमारी, तिसरे हवामानबदल, नंतर प्रदूषण आणि परके आक्रमक जीव. बेटांवर मात्र हा क्रम फिरतो. तिथे जहाजातून उतरलेले उंदीर-मांजरी बहुधा पहिले.

प्रश्न : गिधाडे लाखांनी होती. गुरांच्या एका औषधाने ती संपायला कशी आली? सगळ्याच मेलेल्या जनावरांत तर ते औषध नसणार.

उत्तर : नव्हतेच, आणि खरी मेख तिथेच आहे. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचलेले जनावर लवकरच मेले, तर औषध मांसात उरते. ते खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, युरिक आम्लाचा पांढरा थर आतल्या अवयवांवर साचतो आणि पक्षी काही दिवसांत मरतो. आता हिशेब करा. गिधाड तीन दिवसांतून एकदा खाते असे धरले, तर वर्षाची सुमारे १२० जेवणे झाली. दोनशे मढ्यांत एकच विषारी असले, तरी १२० वेळा वाचण्याची शक्यता जेमतेम ५५ टक्के. म्हणजे वर्षात जवळपास निम्मी गिधाडे गेली. मादी वर्षाला एकच अंडे घालते, पिलाला वयात यायला पाचेक वर्षे लागतात. ही भरपाई होणार कुठून? भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून जास्त घटली.

भारतात २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, पण माणसांसाठीच्या ३० मिलिलिटरच्या कुप्या गोठ्यात पोचतच राहिल्या. म्हणून २०१५ साली कुपी ३ मिलिलिटरवर आणावी लागली. गुरांना मेलॉक्सिकॅम द्यावे, ते गिधाडांना सुरक्षित आहे. ॲसिक्लोफेनॅक हा पर्याय नव्हेच. गुरांच्या शरीरात त्याचे डायक्लोफेनॅकच होते. नाव बदलले म्हणून औषध बदलले असे समजू नये.

प्रश्न : समुद्रपक्ष्यांची अंडी-पिले खाणारे बेटावरचे ९५ टक्के उंदीर मारले, तरी पुरे ना?

उत्तर : नाही, ती मेहनत पाण्यात जाते. उरलेल्यांना अन्न मुबलक मिळते आणि संख्या पुन्हा भरून निघते. गाभण मादी एक जरी वाचली, तरी पुरते. त्यामुळे एकही बिळ सुटता कामा नये. मोठ्या बेटावर हेलिकॉप्टरने आमिषाच्या गोळ्या टाकताना शेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर चढवतात. अन्न तुटपुंजे असते आणि वीण थांबलेली असते, असा हंगाम निवडतात. बहुतेक ठिकाणी दोन-तीन आठवड्यांनी दुसरी पेरणी करतात, कारण पहिल्या वेळी बिळात दूध पिणारी पिले तोवर बाहेर पडलेली असतात. आमिषातले विष, ब्रोडिफॅकम, रक्त गोठू देत नाही, पण मारायला काही दिवस घेते. हा उशीर कामाचा : आमिषानेच आजार आला हे उंदराला कळत नाही. दुखणे असे की तेच विष इतर पक्ष्यांनाही बाधते, म्हणून दुर्मीळ पक्षी आधी पकडून पिंजऱ्यात जपावे लागतात.

शेवटी वाट पाहायची. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या दक्षिण जॉर्जिया बेटावर २०१५ साली पेरणी संपली; कुरतडण्याच्या खुणा आणि हुंगणारे कुत्रे यांच्या मदतीने तपासणी झाल्यावर २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. पुढे प्रत्येक बोटीची तपासणी कायमचीच.

प्रश्न : नामशेष प्राणी क्लोनिंगने परत आणता येतील?

उत्तर : पिरेनीज पर्वतातल्या रानबोकडाची, बुकार्डोची, शेवटची मादी २००० साली मेली. तिच्या जपलेल्या पेशींपासून २००३ मध्ये पिलू जन्मले, पण फुफ्फुसातल्या दोषामुळे ते काही मिनिटेच जगले. जगले असते, तरी तीही मादीच होती.